पिटुकली, मी आणि अर्ध्या तासाचा अंधार

मी एक जुना यंत्रबुवा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी जळतो. धूर दिसत नाही एवढंच. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत माझा मुक्काम. इथे सगळे मला म्हातारबा म्हणतात. म्हणोत बापडे! जिच्यामुळे माझ्या पोटात दुखतं, त्या पिटुकलीची गोष्ट सांगणारच आहे. पण आधी माझी. वयाने मी मोठा, मान माझा पहिला.

कारखान्यात माझं पोट तारांनी भरलं आणि समोर एक पांढराशुभ्र वाडगा बसवला. माणसाने त्यात तोंड घालायचं, मी आतून लख्खकन चमकायचं. उजेड पडला की डोळ्याच्या आतला पडदा इवलीशी वीज तयार करतो. खरंच करतो, तुमचासुद्धा! ती वीज मी पापणीखाली ठेवलेल्या, चांदी चढवलेल्या बारीक दोऱ्यातून टिपतो आणि तिची लाट काढतो. आधी खाली बुडी, मग वर उडी. रात्री न दिसणारी माणसं लांबून लांबून माझ्याकडे यायची. मला चालवणारे लाटवाले दादा तेव्हा ऐटीत म्हणायचे, "ह्याची लाट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

पोरांना मात्र मी कधी आवडलो नाही. आधी डोळ्यांत थेंब, मग अर्धा तास मिट्ट अंधारात बसायचं, मग तो दोरा. पोरं असं भोकाड पसरायची की बाहेरचे रोगी उठून दुसऱ्या बाकावर जायचे.

आणि मग पिटुकली आली. एवढीशी, मुठीत मावणारी मशीन, पण काम माझंच. डोळ्याखाली चिकटपट्टी लावायची, हिला समोर धरायचं, दोनचारदा चमकवायचं, झालं! अंधार नको, दोरा नको. पोरं तिच्याकडे बघून हसायची हो! दादांनी तिच्यासाठी मऊ पिशवी शिवून आणली. मला आजवर साधा रुमाल नाही आणला. म्हटलं, असू दे, नव्याचे नऊ दिवस.

पण नऊ दिवस सरेनात. डॉक्टरबाईंनी तिला घेऊन एक नवा अभ्यास सुरू केला. बाळ आईच्या पोटात असताना डोळ्याचा पडदा आणि मेंदू एकाच मुळातून वाढतात, मग ज्या मुलांचा मेंदू जरा निराळ्या वळणाने वाढतो, त्यांची लाटही निराळी दिसते का, हे त्यांना शोधायचं होतं. डोळ्यांतून मनाची खूण! आणि एवढं मोठं काम त्या चिमूटभर पोरीला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अशात या अभ्यासाचं ऐकून एक आई तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सोबत आईची थोरली बहीण. मुलीला घरी भिंगरी म्हणत, कारण ती स्वतःभोवती गरगर फिरायची. हाक मारली तर वळून बघायची नाही, आणि शब्द एकही नाही. बालविकासाच्या डॉक्टरांकडे कितीतरी महिने वाट पाहून तिला पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली होती.

पिटुकलीने भिंगरीची लाट काढली. इतर मुलांसारखीच आली. आईचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हणत नव्हते? काही नाही माझ्या लेकीला!" असं म्हणत तिने ती पुढच्या आठवड्याची वेळ रद्द करायला फोन काढला.

"थांबा, थांबा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुष्कळ मुलांच्या लाटा एकत्र मांडल्या तर कुठे थोडा फरक दिसतो, तोही नक्की नाही. एकट्या मुलीच्या लाटेवरून तिला काही आहे किंवा नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही."

"मग त्या मोठ्या मशीनवर करा. ते तरी खरं सांगेल."

"ते फक्त पडदा नीट आहे का एवढंच सांगेल."

"तरी करा."

मोठं मशीन म्हणजे मी! काय सांगू तुम्हाला, माझा आनंद वाडग्यात मावेना. मनात म्हटलं, अशी लाट काढतो की पिटुकली तोंडावर आपटली पाहिजे.

थेंब घातले, दिवे मालवले, दार लागलं. भिंगरी चाचपडत माझ्याकडे आली, वाडग्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "ऊऊऊ." आवाज घुमला. ती खिदळली. पुन्हा "ऊऊऊ." मित्रांनो, माझ्यावर खूश झालेलं हे पहिलं पोर. पिटुकलीत बोट तरी शिरेल का?

आणि मग अंधारात थोरली बहीण बोलली. "एक सांगू? उजेडात बोलले असते तर तू मला झाडलं असतंस. लाट चांगली आली म्हणून ही उद्या आई म्हणून हाक मारणार आहे का गं?"

आई म्हणाली, "ताई, मला भीती वाटते. तिथे गेलं की ते काहीतरी नाव सांगतील."

"सांगू देत की! नाव सांगितलं तरी पोरगी आपलीच. हिच्याशी बोलायचं कसं, ते कुणीतरी आपल्याला शिकवायला नको का?"

आई हमसून रडली. उजेडात इतका वेळ तिने रडू दाबून ठेवलं होतं. वाडग्यात भिंगरीचं आपलं चालूच, "ऊऊऊ."

अर्धा तास झाला. दादा लाल मिणमिणता दिवा आणि दोरा घेऊन आले. भिंगरीने हात झटकला आणि किंचाळली. आई डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या, दादा. आम्ही पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडेच जातो."

गेल्या की हो! माझी लाट निघालीच नाही. बटणसुद्धा कुणी दाबलं नाही.

परवा थोरली बहीण चष्म्यासाठी आली, तेव्हा दादांना सांगत होती. भिंगरी आता त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या शिकवणीला जाते. शब्द अजून नाही, पण हवं ते चित्र उचलून आईच्या हातात देते. आईही तिला चित्र दाखवून विचारते. दादा "वा, वा!" म्हणाले, आणि शाबासकी दिली कुणाला? पिशवीतल्या पिटुकलीला! अरे, अर्धा तास अंधार कुणामुळे झाला होता?

तर मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी भिंगरी असेल, हाकेला ओ देत नसेल, तर तिला काय झालंय हे आम्हा यंत्रांना विचारत बसू नका. तिच्याजवळ बसा, ती "ऊऊऊ" म्हणाली तर तुम्हीही म्हणा. आणि दवाखान्यात कधी आलात, तर माझ्या वाडग्यातही एकदा तोंड घालून बघा. पिटुकली बघत असताना घाला, म्हणजे झालं.