तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली पंचवीस मिनिटं

मित्रांनो, मी एका सहा मजली इमारतीतली जुनी लिफ्ट आहे. जाळीचं सरकतं दार, एक लाकडी स्टूल, एक आरसा आणि 'फक्त आठ माणसे' अशी पाटी, एवढाच माझा संसार. वर-खाली करण्यात जन्म गेला, पण समोरचा रस्ता कसा असतो ते मी कधी पाहिलं नाही. चार भिंतींच्या उभ्या खड्ड्यात मला टांगलं, ती मी तिथेच राहिले.

नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता! लोक माझ्या आरशात केस सारखे करत, मुलं उगाचच दोन फेऱ्या मारत. लिफ्टमन रोज सकाळी माझी पितळी बटणं घासायचा. पुढे वय झालं आणि मी मध्येच अडू लागले. मग मेकॅनिक येत. एक म्हणे तार, दुसरा म्हणे दार, तिसरा म्हणे जात्याच खोट. दोष सापडला नाही की दोन लाथा घालत. लाथांनी मी कधीकधी चालूही व्हायचे, खोटं कशाला सांगू?

पाचव्या मजल्यावर एक डॉक्टर बसत. आपल्या मुलीला मुलगी आवडते किंवा मुलाला मुलगा आवडतो असं कळलं, की घाबरलेले आईबाप त्यांच्याकडे धाव घेत. 'कारण शोधू आणि मुळापासून काढून टाकू,' असं ते सांगत. ही माणसं वर जाताना गप्प असत आणि खाली येताना त्याहून गप्प.

एका दुपारी चौघं आली. पंप दुरुस्त करणारे वडील, आई, आत्या आणि चोवीस वर्षांची मुलगी. डॉक्टर तिला महिनाभर तिथेच ठेवून घेणार होते, म्हणून तिच्या हातात कपड्यांची बॅग होती. जिच्यावर तिचा जीव होता तिला कळवायची सोय नव्हती, कारण फोन वडिलांच्या खिशात होता. लिफ्टमन जेवायला बसला होता, म्हणून बटण त्यांनीच दाबलं. तिसरा मजला मागे पडला आणि मी अडले.

समोर नुसती भिंत. वडिलांनी घंटा दाबली. आईच्या डोळ्यांना धार लागली.

"माझंच चुकलं. ही पोटात असताना मी नाही नाही ती औषधं घेतली."

"औषधं कसली वहिनी, वसतिगृहाची हवा लागली," आत्या म्हणाली. "मी तेव्हाच बजावलं होतं."

"मी हिच्या हातात पाने-पक्कड दिले," वडील पुटपुटले. "मुलासारखं वाढवलं."

मुलगी स्टुलावर बसली. "बाबा, मला कारण माहीत नाही. तुम्हाला सापडलं, तर तुम्ही काय करणार?"

"दुरुस्त..." एवढंच म्हणून ते थांबले.

"आत्या, आतोबा तुला का आवडले गं?"

"कोण म्हणालं आवडले?"

मुलगी खळखळून हसली. मग आईही रडता रडता हसली. वडील तेवढे हसले नाहीत, ते मुलीकडे बघत राहिले. तिचं गुपित कळल्यापासूनच्या चार महिन्यांत त्या घरात तिचं हसणं ऐकू आलं नव्हतं.

तेवढ्यात छतावरच्या खोलीतून लिफ्टमनचा आवाज आला. मी बंद पडले की तिथलं चाक तो हातानं फिरवायचा. माझ्यामागे एक जड लोखंडी वजन टांगलेलं आहे. आत चारच माणसं असली, की दोन्हीकडचा भार सारखा होतो आणि चाक कुठेही वळवा, जोर तेवढाच लागतो.

"चौघं आहात ना?" तो ओरडला. "वर घेऊ की खाली?"

"वर घ्या!" आत्या म्हणाली. "वेळ ठरलीय आमची."

मुलीनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला. माझी तर बोबडीच वळली होती, आणि मला बोलता तरी कुठे येतं!

वडील जाळीशी गेले. "खाली घ्या," ते म्हणाले. आवाज वरपर्यंत पोचला नाही.

"काय म्हणालात?"

"खाली घ्या हो!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "माझ्या मुलीला काहीही झालेलं नाही!" मग खिशातला फोन काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. आत्यानं तोंड फिरवलं. आईनं बॅग आपल्याकडे घेतली.

मित्रांनो, मी खरोखरच बिघडले होते. ती मुलगी बिघडलेली नव्हती. हा फरक ओळखायला त्या भल्या माणसाला चार महिने आणि वर ही पंचवीस मिनिटं लागली. तुम्ही एवढा वेळ घेऊ नका.

आता शेजारी नवी लिफ्ट आली आहे आणि माझ्या दाराला कुलूप आहे. जमलं तर माझ्या जाळीवरची धूळ तेवढी पुसा. मला माणसांची फार आठवण येते. पण ती चौघं या इमारतीत पुन्हा कधी आली नाहीत, याचा मला आजही आनंद होतो.