न हललेल्या गावाची हकीकत

शेवटी आमचं लिबर्टी फोर्क गाव चोवीस बैलांनी ओढून परत आपल्या जागी आणलं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गाव जागचं कधी हललंच नव्हतं, असा नगरसभेचा ठराव आहे, आणि ठराव मोडेल त्याला केझाया मावशीच्या खाणावळीत जेवण बंद. नेब्रास्काच्या या भागात पुढची खाणावळ चाळीस मैलांवर आहे. तेव्हा जे घडलं नाही, तेवढंच सांगतो.

मी इथला न्हावी आणि पोस्टमास्तर. दोन्ही कामांना खुर्ची एकच, त्यामुळे पत्र न्यायला आलेला माणूस सहसा दाढी करूनच जातो.

शरद ऋतूत रेल्वेची माणसं आली आणि गावाच्या दक्षिणेला चार मैलांवर लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली. नगराध्यक्ष स्ट्राउडसाहेबांनी सभा बोलावली. "रेल्वे आपल्याकडे येत नाही, तर आपण रेल्वेकडे जाऊ," ते म्हणाले. कुणाला यात वावगं वाटलं नाही. घरं लाकडी, माळ सपाट, आणि शेतकरी हाल्व्होर्सनकडे बैल होते. शेजारच्या तालुक्यातलं गाव तर दोनदा जाऊन आलं होतं.

अडली ती एकटी मावशी.

"माझी भट्टी विटांची आहे," ती म्हणाली. "दोन उन्हाळे खपून बांधली. ओढलीत तर भुगा होईल."

"नवी बांधू की, मावशी," स्ट्राउडसाहेब म्हणाले.

"तुम्ही बांधणार? तुमच्या घराचं दार अजून बाहेरून लागत नाही."

"रेल्वे नसलेल्या गावात जेवायला कोण येणार?"

"ते मलाही कळतं. पण भट्टीशिवाय मी वाढू काय, तुमची भाषणं?"

खरी अडचण हीच होती. गेली तर भट्टी जाणार, राहिली तर गिऱ्हाईक. नवरा गेल्यापासून तिला या खाणावळीशिवाय दुसरा आधार नव्हता. ती राहिली. निघताना मी तिला म्हटलं, "मावशी, आता कोल्ह्यांना वाढा." तिने हसून मला कॉफी दिली. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

फेब्रुवारीत जमीन गोठली आणि आम्ही घरांखाली ओंडके सारून निघालो. शाळा चालू होती. मुलांनी भूगोल हलत हलत शिकला. चर्चची घंटा चारही मैल आपोआप वाजत होती, त्यामुळे पाद्रीबाबा दर वळणावर प्रार्थना सुरू करत. माझ्या दुकानात स्ट्राउडसाहेब दाढीला बसले होते. एका बिळात ओंडका गेला आणि साहेबांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी पदाचा मान म्हणून ठेवली.

नव्या जागी पोचल्यावर प्रत्येकाला गाडीच्या सर्वांत जवळ राहायचं होतं. वाण्याने दुकान खुंट्यांपासून दहा पावलांवर लावलं. लोहाराने पाचावर. मी खुंटीला टेकून. मग स्ट्राउडसाहेबांनी आपलं घर सरळ खुंट्यांवरच ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळेच त्यांच्या रांगेत आले. रूळ जिथून जाणार, नेमकी त्या रेषेवर अकरा घरं आणि एक चर्च. आम्ही फार खूश होतो.

मार्चमध्ये रेल्वेचे इंजिनिअर आले. त्यांनी रांगेकडे बराच वेळ पाहिलं.

"या खुंट्या कशासाठी असतात, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"गाडी इथून जाणार," स्ट्राउडसाहेब अभिमानाने म्हणाले.

"तुमच्या स्वयंपाकघरातून?"

साहेबांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. हा मुद्दा सभेत आला नव्हता.

इंजिनिअरसाहेबांनी पिशवीतून दुसरा नकाशा काढला. कंपनी नेहमी दोन रेषा आखते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी रेषा आमच्या जुन्या गावातून जात होती. ते घोड्यावरून तिकडे गेले. तिथे मोकळी जमीन, एक धुराडं, आणि भट्टीतून नुकताच निघालेला मक्याचा पाव. त्यांनी पाच तुकडे खाल्ले, खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि तिथेच टेबलावर लिहून टाकलं: गाडी इथे जेवणासाठी वीस मिनिटं थांबेल.

आम्ही मेमध्ये परत निघालो. वेशीवर मावशी हातात कागद घेऊन उभी होती.

"नगराध्यक्षांची परवानगी आहे का?" तिने विचारलं.

"मीच नगराध्यक्ष," स्ट्राउडसाहेब म्हणाले.

"एप्रिलात निवडणूक झाली. गावाच्या हद्दीत राहणारा उमेदवार लागतो. एकच होता."

"बायकांना मत देता येत नाही, मावशी."

"म्हणून तर मी दिलं नाही. शून्य मतं पडली. विरोधात एकही नाही."

स्ट्राउडसाहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. बायकांनी मत देऊ नये, एवढंच त्यात होतं. निवडून येऊ नये, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. साहेब उरलेली अर्धी मिशी ओढू लागले.

मावशीने एकच अट घातली: गाव हललंच नव्हतं, असा ठराव करायचा. भट्टीपायी एक बाई हटून बसली आणि सगळं गाव चुकलं, असं गाडीतल्या पाहुण्यांना कळलं तर ते जेवताना हसतील, आणि हसणारा माणूस हळू जेवतो. वीस मिनिटांत तीन पंगती उठवायच्या असतात. आम्ही हात वर केले. मग तिने जागा वाटल्या. मला ओढ्यापलीकडची दलदल मिळाली, कारण माझ्या जुन्या जागेवर, खाणावळीच्या शेजारी, आता तिचा डुकरांचा गोठा आहे. एकूण बेचाळीस डुकरं. "कोल्हे काही जेवायला आले नाहीत रे," ती मला म्हणाली, "म्हणून ही पाळली."

सबब, नगराध्यक्षा श्रीमती केझाया पॉमेरॉय यांच्या सेवेशी नम्र अर्ज सादर करण्यात येतो की, ठराव क्रमांक एकनुसार गाव जागचे कधीही हललेले नसल्यामुळे अर्जदाराचे दुकान व पोस्ट कार्यालय कायद्याने आजही मूळ जागीच उभे आहे. तरी सदर कार्यालयात विनापरवाना वास्तव्य करीत असलेल्या बेचाळीस डुकरांना त्वरित बाहेर काढण्याचे आदेश व्हावेत, अथवा ती पत्रे घेण्यासाठी आली आहेत असे मानून त्यांच्या दाढ्या करण्याची मुभा अर्जदारास मिळावी, ही विनंती.