उशिरा बोलणारी मुलं

ओदिलियानं अतोलेचा, मक्याच्या गोड पेजेचा, पेला टेबलावर न ठेवता हातातच धरला. समोर खुर्चीत बसवलेला ब्रुनो दोन्ही हात पुढं करून बोटं मिटत-उघडत होता. अडीच वर्षं पुरी झाली होती नातवाला, पण तोंडात शब्द म्हणावेत तर बोटांवर मोजण्याइतके. आई, पाणी, नाही, आणि कुत्रं दिसलं की एक भुंकणं.

"अतोले," ओदिलिया म्हणाली आणि थांबली.

ब्रुनोनं "अं" केलं. मग त्यानं आजीकडं असं पाहिलं, की जणू ती त्याला ओळखेनाशीच झाली होती. त्याचा खालचा ओठ वळायला लागला, तसा तिनं पेला त्याच्या हाती दिला.

"लगेच दिलास, आई," शेगडीपाशी उभी असलेली तिची लेक नोएमी म्हणाली.

"तोंड सुकलं होतं पोराचं."

नोएमी मक्याच्या पिठाचं भांडं ढवळत राहिली. दवाखान्यातली बेरेनीस लहान मुलांना बोलायला शिकवायची. तिनं ब्रुनोचे कान तपासून घेतले होते, ते ठणठणीत होते. पोराच्या मनातलं आपण आधीच ओळखतो म्हणून तर तो बोलत नाही ना, असं ओदिलियानं तिला भीतभीत विचारलं होतं. तसं नाही, बेरेनीस म्हणाली होती, यात दोष कुणाचाच नाही. काही मुलं मुळातच उशिरा बोलतात. फक्त तो बोट दाखवेल त्या वस्तूचं नाव घ्या आणि मग थोडं थांबा. त्याच्या शब्दाला यायला वाव ठेवा.

तेवढं थांबणंच ओदिलियाला जमत नव्हतं. सवयच नव्हती. तिचा थोरला, तादेओ, चौथं लागेपर्यंत बोलला नव्हता. तेव्हा इथं, मेक्सिकोतल्या या पात्स्क्वारो गावात, असल्या मुलांसाठी कुणी बाई नव्हती. शेजारणी पोराची हनुवटी धरून विचारायच्या, उंदरानं जीभ पळवली का रे तुझी? सासूनं तर देवळातल्या कपाटाची किल्ली मागून आणली आणि त्याच्या तोंडात धरून फिरवली, कुलूप उघडावं तशी. ओदिलिया मात्र त्या वर्षांत कधी रडली नाही. पोराला कडेवर घेऊन ती तळ्याकाठच्या धक्क्यावर जायची. मासळीवाल्या त्याला काहीबाही विचारायच्या आणि उत्तरं ती द्यायची. त्याला थंडी वाजतेय. त्याला झोप आलीय. त्याला तुमची टोपी आवडली. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत असायचं, पोराचा गाल तिच्या मानेला लागलेला असायचा आणि त्याच्या मनातलं साऱ्या जगात तिला एकटीला कळायचं. तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात गोड वर्षं होती.

पुढं तादेओ बोलायला लागला, पण बेतानंच. आता तो दूर उत्तरेला तिहुआनात लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दर रविवारी फोन करायचा. जेवलास का, ती विचारायची, आणि जेवलाच असशील म्हणा, असंही तीच म्हणायची.

शनिवारी ती ब्रुनोला घेऊन सेनोबियाच्या पावाच्या दुकानात गेली. ताट आणि चिमटा घेऊन ती नेहमीच्या फळीपुढं उभी राहिली. वर गुलाबी साखरेचा थर असलेला गोल पाव, कोंचा, हा ब्रुनोचा ठरलेला. तो वरची साखर चाटायचा आणि खालचा पाव आजीसाठी सोडायचा. चिमटा पावावर नेता नेता तिला बेरेनीस आठवली.

"कोंचा," ती म्हणाली आणि हात तसाच अधांतरी ठेवला.

मागं दोघी-तिघी खोळंबल्या. गल्ल्यावरून सेनोबियानं विचारलं, "रोजचाच ना त्याचा?"

ब्रुनोनं चिमट्याकडं पाहिलं, आजीच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिचा हात सोडून तो खालच्या फळीपाशी उकिडवा बसला.

"कोची," तो म्हणाला.

"कोंचा नाही, कोची. डुक्कर मागतोय तो," सेनोबिया हसली. "गुळाचं."

खालच्या फळीवर डुकराच्या आकाराची तपकिरी बिस्किटं मांडलेली होती. ओदिलियानं ती त्याला कधीच घेऊन दिली नव्हती, दुधाच्या दातांना कडक म्हणून. चौकातल्या बाकावर बसून ब्रुनोनं ते डुक्कर कानापासून शेपटीपर्यंत खाल्लं आणि मांडीवर सांडलेला चुराही वेचला. आजीसाठी काही उरलं नाही.

घरी नोएमीला इतका आनंद झाला, की ती रडलीच. तिनं लगोलग बेरेनीसला फोन लावला. ओदिलियानं मात्र परसात जाऊन वाळलेले कपडे काढले आणि घड्या घालत बराच वेळ तिथंच बसून राहिली.

रविवारी तादेओचा फोन आला तेव्हा ती राजम्याला फोडणी घालत होती. तिनं त्याला ब्रुनोची बातमी सांगितली. तो हसला, बरं झालं म्हणाला.

"तादेओ," ती म्हणाली, "लहानपणी तू बोलायचा नाहीस. मीच सांगायची सगळ्यांना, याला हे हवंय, ते हवंय. बरोबर सांगायची का रे मी?"

पलीकडून काहीच आलं नाही. बरोबरच असायचं म्हणा, मी तुझी आई, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले. फोन तुटला का, असं नोएमीनं खुणेनं विचारलं. ओदिलियानं नकारार्थी मान हलवली.

"कधी कधी," तादेओ म्हणाला.

ओदिलियानं स्टूल ओढलं आणि ती बसली.

"एक सांगू का, आई?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "थोडं लांबेल. वेळ आहे ना तुला?"

"आहे," ती म्हणाली, आणि नोएमीला हातानंच खूण केली, शेगडी बंद कर.