वहीत न लिहिलेल्या वेळा

मी एक स्टॉपवॉच, आणि आज मला बोलायचंय. सेकंदाचा पाचवा भागसुद्धा मी कधी चुकवला नाही. पण ज्या खोलीत माझ्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं, तिथं मला टेबलावर ठेवलं आणि कुणी काही विचारलं नाही. त्याची चीड अजून गेलेली नाही.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला. तिथलं फारसं आठवत नाही. १९७४ साली कापसात गुंडाळून बोटीनं मी या बेटावर, पोर्ट लुई बंदरात आलो. बंदरात काम करणाऱ्या एका माणसानं मला दुकानातून विकत घेतलं, ते धाकट्या भावासाठी. भावाचं नाव गोवर्धन. रोझ बेलजवळच्या मराठी वस्तीतला, साखर कारखान्याच्या मैदानावर अनवाणी पळणारा पोरगा.

गोवर्धन मला गळ्यात घालूनच झोपायचा. बेटाच्या संघाची निवड होती त्या दिवशी तो फक्त एका पाचव्या भागानं मागे पडला. घरी येऊन त्यानं मला किती वेळ हातात धरून ठेवलं होतं! मला वाटलं, भिंतीवर आपटणार. पण नाही. त्यानं मला पुसलं आणि म्हणाला, "असू दे. दुसऱ्यांना पळवीन."

आणि त्यानं पळवलं, हे मी कबूल केलंच पाहिजे. १९७८ साली तो तिथल्याच एका कॉलेजात खेळाचा मास्तर झाला. आमच्याकडे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा. मुलींचा संघ काढायचा म्हटल्यावर वस्तीतल्या घरांमधून मुलींना कोण पाठवणार? गोवर्धनसर सायकलवरून घरोघर फिरले. आईबापांच्या ओसरीवर बसून सांगितलं, "चड्डी घालून पळाली म्हणून पोरगी वाया जात नाही." मुली आल्या. मैदानाच्या तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. सर ओरडायचे, "आले, आले!" बेटावरच्या क्रेओल भाषेत त्याचा अर्थ 'चल, चल'. नव्या मुलीला मराठी अर्थ वाटायचा. कोण आलं म्हणून ती मागे वळून बघायची आणि सगळ्या हसायच्या. ते दिवस चांगले होते.

१९८३ मध्ये सर सहा आठवड्यांच्या शिबिराला परदेशी गेले. येताना एक पातळ पुस्तिका घेऊन आले. शरीराचं वजन जितकं कमी, तितका वेळ कमी, असं तीत एक कोष्टक होतं. सरांनी दवाखान्यातून एक जुना वजनकाटा मागून आणला आणि सामानाच्या खोलीत ठेवला. तेव्हापासून दर सोमवारी वजन. मुली ओळीनं उभ्या राहायच्या, सर प्रत्येकीचा आकडा मोठ्यानं वाचायचे. जिचा वाढला असेल तिला म्हणायचे, "काय ग, शनिवारी डाळीची दोल पुरी खाल्लीस वाटतं?" बाकीच्या हसायच्या. पण हे हसणं पहिल्यासारखं नव्हतं.

अनुसया १९८४ साली संघात आली. पंधरा वर्षांची, बाप लॉरीवर, आई भगवती उसाच्या तोडणीला जाणारी. पंधराशे मीटरला मी तिचा पहिला वेळ मोजला, तेव्हा सर माझ्याकडे बघतच राहिले. पाच मिनिटं चार सेकंद, तेही कापडी बुटात! पुढच्याच वर्षी आसपासच्या बेटांच्या स्पर्धा, म्हणजे बेटांचे खेळ, आमच्या बेटावर होणार होते. सर त्या संध्याकाळी तिला म्हणाले, "अनुसया, तुझं नाव त्या यादीत बसू शकतं. फक्त थोडी हलकी हो."

'थोडी' म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. ती चूक मी त्यांच्या नावावर मांडतो.

मुली पळत नसल्या की एकमेकींचे वेळ घ्यायच्या. म्हणून मी अनुसयाच्या तळहातावर पुष्कळदा असायचो. सप्टेंबरपर्यंत तो हात ऊबदार होता. मग दुपारच्या उन्हातही गार पडायला लागला. तिच्या अंगठ्यातली नाडी मला लागायची. ती इतकी सावकाश चालायची, की मला वाटायचं माझ्याच स्प्रिंगमध्ये काही बिघाड झालाय. दंडावर बारीक लव उगवली होती. डब्यातलं जेवण ती रीताला द्यायची. रीता तिची मैत्रीण, दोन वर्षांनी मोठी, आठशे मीटर पळणारी.

एकदा सामानाच्या खोलीत दोघीच होत्या. रीतानं विचारलं, "तू शौचालयामागं काय करतेस ग रोज?"

"काय नाही."

"मी ऐकलंय. उलटी करतेस."

अनुसया माझं बटण उगाच दाबत, सोडत राहिली. मग म्हणाली, "पाळी पण थांबलीये. तीन महिने. कुणाला सांगू नको. सर म्हणतात वेळ सुधारतोय."

वेळ खरंच सुधारला होता. नोव्हेंबरात चार मिनिटं एक्कावन्न. सरांनी तो वहीत लाल शाईनं लिहिला.

पण पुढचं ऐका. जानेवारीत चार पंचावन्न. फेब्रुवारीत एकोणसाठ. मार्चमध्ये पाच मिनिटं सहा सेकंद. ती पहिल्या दिवसापेक्षाही हळू पळत होती. काटा माझाच, आकडा माझाच. सर बघायचे, मला शून्यावर आणायचे आणि म्हणायचे, "आजचं धरायचं नाही." वहीची पानं कोरी राहिली. एक दिवस तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आळस चढलाय तुला. पुढच्या सोमवारी काटा वर गेलेला दिसला, तर आंतर-कॉलेजला तुझं नाव नाही. समजलं?"

तिनं मान हलवली. मी सरांच्या मुठीत होतो. प्रत्येक शब्द ऐकला.

जूनमध्ये आंतर-कॉलेज स्पर्धा झाली. तिसऱ्या फेरीत ती कोपऱ्यावर वळली आणि पाय नुसता दुमडला. कुणाचा धक्का नाही, खड्डा नाही. मी चालूच होतो, सर मला थांबवायचं विसरले. नडगीचं हाड मोडलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरनं तिचं अंग तपासलं आणि सोबत गेलेल्या बाईंना विचारलं, "या मुलीला घरी जेवायला मिळत नाही का?"

त्या बाई म्हणजे मिस सरस्वती. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, कमी बोलायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना तीन पानी पत्र दिलं. गोवर्धनसर मुलींना उपाशी ठेवतात, सगळ्यांसमोर वजन वाचून त्यांची लाज काढतात, आणि एक मुलगी त्यापायी आजारी पडली आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मुख्याध्यापक हरिलालांच्या खोलीत चौकशी बसली. हरिलाल, पालकांचे प्रतिनिधी यशपाल, मिस सरस्वती, भगवती, रीता आणि सर. अनुसयाला बोलावलं नव्हतं. "आजारी मुलीला कशाला त्रास?" हरिलाल म्हणाले. सरांनी मला आणि वहीला टेबलावर ठेवलं, पुरावा म्हणून.

"मी कुणालाही उपाशी राहा म्हणालो नाही," सर म्हणाले. ते ढोंग नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. "हलकी हो म्हणालो. जगभर सगळे प्रशिक्षक म्हणतात. ही वही बघा. पाच चारवरून चार एक्कावन्न. आजारी मुलगी अशी पळेल का?"

मिस सरस्वतींनी वही ओढून घेतली. पानं उलटली. "नोव्हेंबरनंतर काय झालं? इथं काहीच नाही."

"वादळांचे दिवस होते. मैदान पाण्याखाली."

"एप्रिलपर्यंत?"

"बाई, तुम्ही मैदानावर कधी आला होतात?"

मी तिथंच होतो! हातभर अंतरावर! चार पंचावन्न, एकोणसाठ, पाच सहा. सगळं माझ्या पोटात होतं. पण आमची जात अशी, की एकदा शून्यावर आणलं की मागचं काही दाखवता येत नाही.

यशपाल म्हणाले, "हल्ली पोरी सिनेमातल्या नट्या बघून बारीक होतात. त्याला सर काय करणार?"

तेव्हा भगवती बोलली. "सायेब, माजी पोर सिनेमाला कवा गेली न्हाय. गणपतीत मोदक केले, तर तिनं परसाद ओच्यात लपवला नि मागल्या दारी टाकला. मी बगितलं. मी म्हनलं, देवाचं असं करतात व्हय? तर रडाय लागली. म्हनली, आई, सोमवार हाय." ती हरिलालांकडे वळली. "मला त्याचा अर्त लागला न्हाय. सोमवार मंजी काय, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाय."

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता होईल काहीतरी.

मग हरिलालांनी रीताला विचारलं, "तू तिची मैत्रीण. सरांनी कधी धमकी दिली? ती उलट्या करते, हे तुला ठाऊक होतं?"

रीतानं वर बघितलं नाही. वर्षअखेरीस ती कॉलेज सोडून खेळाच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला जाणार होती. शिफारसपत्र सर देणार होते.

"नाही, मिस्ये," ती म्हणाली; मिस्ये म्हणजे साहेब. "सर आमच्याशी बापासारखे वागले. बाकीचं मला ठाऊक नाही."

हरिलालांनी इंग्रजीत दोन पानं लिहिली. गैरवर्तनाचा पुरावा आढळला नाही, प्रशिक्षकांनी यापुढे वजन दार बंद करून घ्यावं, प्रकरण संपलं. भगवतीला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं दाखवलेल्या जागी सही केली आणि विचारलं, "आता पोरीला बरं वाटंल न्हवं?"

दार बंद करून! म्हणजे आधी सगळ्यांसमोर होत होतं, ते आता कुणी बघूही शकणार नव्हतं. मिस सरस्वतींनी सही केली नाही. त्यांची बदली पुढच्या वर्षी उत्तरेला पेती राफ्रेच्या बाजूला झाली. का झाली, मला माहीत नाही. बेटांचे खेळ ऑगस्टमध्ये झाले. अनुसया तेव्हा अंथरुणात होती, पाय प्लास्टरमध्ये.

१९८७ च्या शेवटी सर वरच्या जागेवर क्रीडा कार्यालयात गेले. निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली. जाताना त्यांनी मला त्यांच्या जागी आलेल्या शिक्षिकेच्या हातात दिलं. ती रीता होती.

पहिल्या सोमवारी मुली सवयीनं सामानाच्या खोलीबाहेर ओळीत उभ्या राहिल्या. एकीनं आधीच बूट काढले होते, तेवढंच वजन कमी भरावं म्हणून. रीता दारातच थबकली. "आज नको," एवढंच बोलली आणि दुपारी बस पकडून अनुसयाच्या घरी गेली. मला गळ्यातून काढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून मीही गेलो.

अनुसया अंगणात भाजी निवडत होती. शिवणाच्या कारखान्यात कामाला लागली होती, त्या दिवशी सुट्टी. चेहऱ्यावर थोडं रक्त दिसत होतं. उठताना मात्र डावा पाय जपून टाकला.

"मी त्या खोलीत खोटं बोलले," रीता उभ्या उभ्याच म्हणाली.

"मला ठाऊक आहे. आईनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग तू भांडायला का नाही आलीस?"

"कुठं येणार? मला बोलावलं होतं कुणी?" अनुसयानं भाजीचे देठ तोडले. "तुझ्यावर राग होता. अजून आहे. बस, चहा घे."

रीता बसली. चहाबरोबर भगवतीनं पाव आणि लोणी आणलं. अनुसयानं पावाचे चार तुकडे केले, एक खाल्ला, बराच वेळ थांबली, मग दुसरा. भगवती दारात उभी राहून बघत होती, न बघितल्यासारखं करत. मला त्या घरातलं रोजचं जेवण कसं होत असेल ते कळलं.

"आता तरी मुख्याध्यापकांना लिहिते," रीता म्हणाली.

"लिही. पण आधी तुझ्या पोरींना सांग."

रीतानं दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलींना गोल बसवून तिनं सगळं सांगितलं, स्वतःचं खोटंसुद्धा. काटा दवाखान्याला परत पाठवला. मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. उत्तर महिन्यानं आलं, दोन ओळींचं: सदर प्रकरण १९८५ मध्येच निकालात काढलेलं आहे, ते पुन्हा उघडता येणार नाही.

यंदा आमचा संघ आंतर-कॉलेजला चौथा आला. बक्षीस समारंभात यशपाल कुणाला तरी सांगत होते, "गोवर्धनसरांच्या वेळी शिस्त होती." मी रीताच्या गळ्यात होतो. तिनं ऐकलं आणि माझी दोरी मुठीत आवळली. गावोगावी सरांचं व्याख्यान ठेवतात म्हणे. ती पुस्तिका अजून त्यांच्या पिशवीत असेल.

आता माझी काच तडकली आहे, बटण अडकतं. लवकरच जपानी आकडेवालं घड्याळ येईल आणि मी कपाटात जाईन. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. पुन्हा कुठं अशी चौकशी बसेल, आणि बसणार, तेव्हा टेबलावर वह्या ठेवा, घड्याळं ठेवा, काय वाटेल ते ठेवा. पण एक खुर्ची त्या मुलीसाठी मांडा. दार उघडून तिला आत बोलवा, आणि ती बोलेपर्यंत कुणी लिहायला घेऊ नका.