डाव्या चाकाचा आवाज

गाडी वळताना आवाज येतो म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला फार बोलू देत नाही. त्याला कळत असतं तर तो माझ्याकडे आलाच नसता. मी गाडीत बसतो, स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन फेऱ्या मारतो आणि उतरून सांगतो, अमुक बाजूचा अमुक पार्ट. बाकीचे मेकॅनिक गाडी जॅकवर चढवतात आणि लोखंडी टॉमी घालून चाक हलवून बघतात. मी त्यांना हसायचो. ज्यांना कान नाहीत त्यांनी टॉमी घ्यावी, असं म्हणायचो.

आता खरं सांगतो. तीन वर्षांपूर्वी हवा भरताना एक टायर माझ्याशेजारी फुटला आणि माझा डावा कान गेला. कमी झाला नाही, गेलाच. डॉक्टरांनी कागद लिहून दिला, तो मी वाटेतच फाडला. घरी म्हणालो, दडे बसलेत, सुटतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका कानावर धंदा चालला आणि माझा माजही चालला.

त्या सकाळी धाकटी बहीण गाडी घेऊन आली. मोठ्या भाचीला डोंगरापलीकडच्या वसतिगृहात सोडायचं होतं. दोघी मुली बाकावर येऊन बसल्या.

"दादा, वळताना दोन आवाज येतात," बहीण म्हणाली. "एक कटकट, कटकट असा. दुसरा दबका, एकदाच ठक् करतो."

"आवाज एकच असतो. दुसरा तुझ्या मनात."

"मुलींनीही ऐकलाय."

"मग मुलींनाच गॅरेज काढून दे."

एरवी ती अशा बोलण्यावर हसते. त्या दिवशी हसली नाही.

मी फेरी मारली. वळवताच उजव्या चाकातून कटकट आली, अगदी स्पष्ट. खाली वाकून पाहिलं तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबर फाटलेलं, ग्रीस उडालेलं, आत माती. दोन तासांत जॉइंट बदलला. पुन्हा फेरी मारली, तर कुठेच काही नाही. ती शांतता मला आवडली नव्हती. पण हे मी आज सांगतोय, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

जॅक हाताशीच होता. डावं चाक उचलून टॉमी घालायला पाच मिनिटं लागली असती. पण बहीण समोर उभी होती, आणि दादा टॉमी घेऊन चाक चाचपडतोय हे तिनं बघावं असं मला वाटेना. मी किल्ली तिच्या हातात ठेवली.

"दुसरा गेला का रे?" तिनं विचारलं.

"गेला."

तिनं गाडीचं दार उघडलं. मग धाकट्या मुलीला म्हणाली, "तू माझ्या मागे बस, डावीकडे नको." मोठी पुढे बसली आणि गाडी निघाली.

तासाभरानं मोठ्या भाचीचा फोन आला. "मामा, तो ठक् अजून येतोय. आई म्हणते तुला विचारू नकोस."

"नवा पार्ट बसायला वेळ लागतो," मी म्हणालो. असल्या थापा गिऱ्हाइकाला मारायच्या असतात. भाचीला मारली आणि तोंड कडू झालं. मी विचारलं, "तू डावीकडेच बसलीयेस ना? फोन खिडकीबाहेर धर."

फोन माझ्या उजव्या कानाला होता. वारा ऐकू आला, मग बहिणीनं वळण घेतलं असावं. ठक्. त्या आवाजाला मी वीस वर्षं ओळखतो. चाकाला तोलून धरणारा बॉल जॉइंट सुटत आला की तो असा बोलतो, आणि पुढच्या एखाद्या वळणावर चाक आडवं पडतं.

"आईला सांग, वळवू नकोस. सरळ, हळू, कडेला थांब. उतरा सगळ्या."

"मामा, पुढे उतार आहे."

"आत्ता थांबा म्हणतोय ना."

फोन बंद झाला. मी स्कूटर काढली. अर्ध्या तासाच्या वाटेवर मी पाच वेळा फोन लावला, तो कोणी उचलला नाही. प्रत्येक वळणापलीकडे काय दिसेल या भीतीनं मी जीव मुठीत धरून चालवत होतो.

गाडी उताराच्या तोंडाशी उभी होती. मुली दगडावर बसल्या होत्या. फोन घाईत गाडीतच राहिला होता. मी डावं चाक जॅकवर घेतलं आणि टॉमी घातली. जोर लावावाच लागला नाही. जॉइंट उखळीतून निघून हातात आला.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"माहीत आहे," बहीण म्हणाली. "वहिनीनं पहिल्याच महिन्यात सांगितलं. घरात तुझ्या डावीकडे कोणी बसतं का?"

मी आठवून पाहिलं. कोणीच बसत नव्हतं.

"मग गाडी माझ्याकडे आणलीस कशाला? मुली होत्या ना आत."

तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"दुसऱ्याकडे नेली असती, तर तुला काय वाटलं असतं?"