उसनी मशीन

विकास मंडळाने सुतारगल्लीच्या टोकाला मोठं सुविधा केंद्र बांधलं, तेव्हा ताईला खरंच आनंद झाला होता. बापाच्या मागे ती आणि तिचा धाकटा भाऊ कातारकाम करत, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून खुर्च्यांचे पाय, हत्यारांच्या मुठी कातून देत. गल्लीतल्या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. ओलं लाकूड नीट वाळत नसे, माल तडकायचा, गिऱ्हाईक परत यायचं नाही. मंडळाने सांगितलं, केंद्रात लाकूड सुकवायची भट्टी येईल, नव्या मशिनी येतील, भागाचं नशीब पालटेल. ज्या मोकळ्या जागेत गल्ली फळ्या वाळत घालायची, ती जागा लोकांनी केंद्रासाठी हसत सोडली.

इमारत झाली, रंग लागला, विजेची जोडणी झाली. आत मात्र काही नाही. हाक मारली तर आपलाच आवाज परत यायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मंडळाचे अधिकारी ताईच्या दुकानात आले. माणूस गोडबोल्या.

"ताई, तुमची लेथ एक दिवस द्या. अध्यक्ष येणार आहेत. रिकामं केंद्र बघितलं तर भट्टीची मंजुरी अडकेल."

"देऊ नकोस," भाऊ म्हणाला. "यांना दिलेलं परत येत नाही."

"एका दिवसाने काय होतंय? भट्टी आली तर सगळ्यांचं भलं होईल," ताई म्हणाली, आणि स्वतः बोल्ट सोडवायला बसली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिच्या लेथवर हात ठेवून फोटो काढून घेतला. "ही मंडळाने आणली का?" त्यांनी विचारलं. "हो साहेब, पहिल्या टप्प्यातली," अधिकारी म्हणाले. ताई भिंतीशी उभी होती. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भट्टीसाठी एवढं सोसू, ती मनाशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मशीन आणायला टेम्पो घेऊन गेली, तर केंद्राच्या दाराला भलंमोठं कुलूप. तशीच मंडळाच्या ऑफिसात गेली. तिथे तिला आधी बाकावर बसवून ठेवलं, मग त्याच अधिकाऱ्यांनी आत बोलावलं.

"काय आहे ताई, मशीन आता केंद्राची म्हणून दाखवली गेलीय. बाहेर काढायची तर वरून परवानगी लागेल. तुम्ही अर्ज करून ठेवा."

"माझीच मशीन मी मागायची, आणि अर्जही मीच करायचा?"

"नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"न्यायच्या वेळी होतं की हातात."

अधिकारी हसले आणि त्यांनी फोन उचलला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब वरच्यांशी बोलतील, थोडं थांबू, म्हणून ती गप्प घरी आली. थांबणं महागात पडलं. खुर्च्यांच्या पायांचं काम दुसऱ्या गावच्या कारखान्याने उचललं. भाऊ जेवताना तिच्याकडे बघेनासा झाला. एकदाच म्हणाला, "मंडळाने बुडवलं असतं तर सोसलं असतं. तू आपल्या हाताने दिलीस." तिने ताट सरकवलं. ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

त्यानंतर तिने अर्ज केला नाही. भर दुपारी पहार घेऊन ती केंद्राकडे निघाली. गल्लीने विचारलं, कुठे, तिने सांगितलं. चार माणसं मागे आली, मग आणखी आली, शेवटी भाऊही आला. कुलूप तुटलं. लेथ धूळ खात उभी होती. भाऊ उचलायला वाकला, तर ताई म्हणाली, "राहू दे. वीज इथे आहे, छप्पर इथे आहे, जागा आपली होती. इथेच चालू कर."

संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनी करवत आणली, रंधे आणले. अधिकारी पोलिसांना घेऊन आले तेव्हा आत भुश्श्याचा ढीग पडला होता.

"हे सरकारी केंद्र आहे. तुम्ही चोरी केलीय," ते म्हणाले. या खेपेला आवाजात गोडवा नव्हता.

ताईने लेथ बंद केली. "तक्रार लिहा. फक्त ही मशीन मंडळाने कोणाकडून, कधी घेतली, तेही त्यात लिहा. अध्यक्षांचा फोटो आहेच."

हवालदाराने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. "काय लिहू साहेब?"

साहेबांनी गाडी वळवायला सांगितली.

पुढे मंडळाला शहाणपण सुचलं. पाहुणे यायला लागले, भरलेलं केंद्र त्यांना दाखवलं जाऊ लागलं, आणि दाखवायला कमी पडू नये म्हणून एक दिवस भट्टीही आली. भट्टी चांगली निघाली. माल तडकायचा थांबला, जुनी गिऱ्हाइकं परतली. पाटीवर मात्र 'मंडळाच्या अथक प्रयत्नांतून' असं लिहिलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, गल्ली म्हणाली, आणि हसून कामाला लागली.

ताई हसली नाही. अधिकारी दिसले की ती अजून पाठ फिरवते.

"झालं ना काम? आता तरी राग सोड," भाऊ म्हणाला.

"कशाला सोडू?" ती म्हणाली. "ते काम त्यांचंच होतं. आपल्याला कुलूप फोडून ते करून घ्यावं लागलं."