भाऊ निवांत आला

“तम्मा, बस की! खुर्ची काय चावती व्हय?” चन्नम्मा म्हणाली.

धाकटा भाऊ राजशेखर बसला, आणि लगेच उठून पुन्हा खिडकीशी गेला. आधी आमदार, मग खासदार, दिल्लीत दोनदा मंत्री. एवढ्या वर्षांत तो भाऊबीज चुकवत नसे, पण यायचा कसा? बाळीवेशीतली गल्ली गाड्यांनी तुंबायची, ओवाळतानाही कानाला फोन, आणि घास तोंडात जातो न जातो तोच साहेब उठायचे. आई गेल्यावर चन्नम्मानेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. बालवाडीतल्या नोकरीत दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसता पुसता तिने सिद्धेश्वराला एकच गाऱ्हाणं घातलं होतं, एकदा माझा भाऊ मला निवांत भेटू दे.

देवाने ऐकलं, पण देवाची तऱ्हाच न्यारी. यंदा राजशेखर निवडणुकीत सडकून आपटला. पक्षानेही पाठ फिरवली. आज भाऊबीजेला तो एकटाच आला, ड्रायव्हरलाही त्याने घरी पाठवलं होतं.

तिने गव्हाची हुग्गी, त्याच्या आवडीची खीर, केली होती, वर तुपाची धार. दोन घास खाऊन त्याने वाटी सारली.

“अक्का, गल्लीत कोण न्हाई व्हय?”

“हायत की घरात.”

“मी आलोय, म्हाईत हाय का त्यांना?”

आईच्या, लहानपणीच्या कितीतरी गोष्टी चन्नम्माने बोलायला साठवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आता त्याच्या कानात शिरणार नव्हती. मोरीत जाऊन तिने डोळ्यांना पाणी लावलं, चपला घातल्या आणि शेजारच्या माजिदाचं दार वाजवलं.

“तुझ्या फरहानच्या बदलीचं काम होतं न्हवं? घेऊन ये त्याला. भाऊ आलाय माझा.”

“अक्का, राग नका मानू, पण आता त्यांच्या हातात काय हाय?”

“कायच न्हाई गं,” चन्नम्मा म्हणाली. “तरी ये. आणि चार जणांना आण. लई उपकार होतील.”

थोड्या वेळात खोली भरली. राजशेखर ताठ बसला. “बोला, काय अडचण हाय?” त्याचा आवाज पार गल्लीत गेला. त्याने कुणालातरी फोन लावला. पलीकडून कुणी उचलला नाही, तरी “बघतो, करू आपण,” असं त्याने फरहानला सांगितलं. दाराशी उभ्या बहिणीकडे न बघताच मग तो म्हणाला, “सगळ्यांना च्या टाक.”

“व्हय, साहेब,” चन्नम्मा म्हणाली, आणि मोठं पातेलं काढायला आत गेली.